बावीस चेरी, एक अंगठा आणि बाबांची सायक्लोस्टाईल

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग चित्रांबद्दल आहे आणि आपण ऐकतोय पॉडकास्ट, म्हणजे डोळ्यांचं काम मला तोंडाने करायचंय. गाडी चालवत असाल तर नुसतं ऐका. घरी असाल तर मी नावं सांगेन तशी सर्च करत चला, जास्त मजा येईल.

आधी एक फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेलो. हॉलची एक भिंत रिकामी होती. मला जपानी चित्रं आवडायची. आवडायची म्हणजे काय, लॅपटॉपचा वॉलपेपर होकुसाईची लाट होता, एवढीच आवड. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे 'ओरिजिनल जपानी वुडब्लॉक प्रिंट' असं लिहिलेलं चित्र दिसलं. साडेसहा हजार रुपये. घेतलं, फ्रेम केलं, मित्रांना कौतुकाने दाखवलं. त्यातल्या एका मैत्रिणीने कलेचं शिक्षण घेतलंय. तिने मोबाइल काढला, मॅक्रो मोड लावला आणि चित्राच्या अगदी जवळ नेला. स्क्रीनवर काय दिसलं? बारीक बारीक रंगीत ठिपके. ती म्हणाली, "अरे, हे प्रिंटरमधून काढलंय. लाकडाचा काही संबंध नाही."

मी काय बोलणार? वर मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. ओठांवर आलेलं पहिलं वाक्य होतं, "पण दिसतंय तर सेमच ना?" आमच्या धंद्यात कॉपी आणि ओरिजिनल यात फरकच नसतो. फाइल कॉपी केली की ती तीच फाइल. मग प्रिंट हा प्रकार मुळातच कॉपीचा असताना त्यात खरं काय आणि खोटं काय? हा प्रश्न डोक्यात बसला. त्याच्या मागे लागून मी जे पाहिलं, त्यातली माझी आवडती चित्रं आज सांगणार आहे.

थोडं बेसिक आधी. लहानपणी आपण सगळ्यांनी भेंडी कापून, रंगात बुडवून कागदावर ठसे मारलेत. बास, प्रिंटमेकिंग म्हणजे तेच. एक पृष्ठभाग तयार करायचा, त्याला शाई लावायची आणि कागदावर उतरवायची. जपानमध्ये हे काम शेकडो वर्षं लाकडावर होत आलं. जुन्या उकियो-ए पद्धतीत चार माणसं असायची. चित्रकार चित्र काढणार, कोरणारा ते चेरीच्या लाकडात कोरणार, छापणारा छापणार आणि प्रकाशक पैसे घालून विकणार. होकुसाईची ती लाट, साधारण १८३१ सालची, अशीच तयार झाली. तेव्हा ती सामान्य लोकांनी विकत घ्यायची स्वस्त वस्तू होती. आज २०२४ पासून ती जपानच्या एक हजार येनच्या नोटेवर आहे.

प्रत्येक रंगासाठी सहसा वेगळा ठोकळा लागतो. फोटोशॉपमध्ये लेयर असतात ना, अगदी तसं. मग दहा वेळा कागद ठेवताना तो दर वेळी त्याच जागी कसा बसवायचा? त्यासाठी ठोकळ्यावरच दोन खुणा कोरतात, एक कोपऱ्यात आणि एक कडेला. त्यांना केन्तो म्हणतात. कागद त्या खुणांना टेकवला की काम झालं. कागद असतो वाशी. हार्बर लाइनवरचं वाशी नाही हां! झाडाच्या सालीतल्या लांब धाग्यांपासून हाताने बनवलेला जपानी कागद. पातळ दिसतो, पण ओला करून घासला तरी फाटत नाही. आणि दाब द्यायला मशीन नाही. बांबूच्या पानात गुंडाळलेली गोल चकती असते, बारेन. ती हातात धरून कागदाच्या पाठीवर घासायची. म्हणून खऱ्या वुडब्लॉक प्रिंटची मागची बाजू बघायची. बऱ्याचदा तिथे रंग झिरपलेला असतो, घासल्याच्या खुणा दिसतात. माझ्या साडेसहा हजारांच्या चित्राची पाठ कोरी करकरीत होती.

विसाव्या शतकात काही तरुण चित्रकारांनी ठरवलं, चार माणसं नकोत, मीच काढणार, मीच कोरणार, मीच छापणार. या चळवळीला सोसाकु-हांगा म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचं तर फुल स्टॅक. तिथून आजच्या जपानी प्रिंटपर्यंत रस्ता येतो. त्या पिढीतले शिको मुनाकाता यांची दृष्टी इतकी अधू होती की ते लाकडाला जवळजवळ नाक टेकवून कोरायचे. त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम आहे बुद्धाचे दहा शिष्य. शारिपुत्र, आनंद वगैरे आपल्या ओळखीची मंडळी, काळ्या-पांढऱ्यात, ठोकळ्याच्या कडांना डोकं टेकेल अशी उभी. १९५६ साली व्हेनिस बिएनालेमध्ये त्यांना प्रिंटमेकिंगचं सर्वोच्च बक्षीस मिळालं.

चला, आता माझी यादी.

पहिले योझो हामागुची. यांचं काम मी प्रत्यक्ष पाहिलंय, म्हणून सुरुवात तिथून. कंपनीने मला तीन आठवडे टोकियोला पाठवलं होतं. एका रविवारी सुइतेंगुमाए स्टेशनला उतरलो. तिथे हामागुचींचं छोटंसं म्युझियम आहे. ते यामासा या सोया सॉसच्या कंपनीचं आहे, कारण हामागुची त्याच घराण्यातले. घरचा धंदा सॉसचा, हे निघाले चित्रकार व्हायला. आयुष्यातली बरीच वर्षं पॅरिसमध्ये राहिले.

हे लाकडावर काम करत नसत, तांब्याच्या पत्र्यावर करत. पद्धतीचं नाव मेझोटिंट. पाट्या-वरवंट्याला टाकी लावताना पाहिलंय का कधी? पाटा गुळगुळीत झाला की त्यावर परत बारीक खड्डे पाडतात. मेझोटिंटमध्ये तांब्याच्या गुळगुळीत पत्र्याला तशीच टाकी लावायची. दातेरी धारेचं एक अवजार असतं, ते पाळण्यासारखं डोलवत डोलवत सगळ्या दिशांनी फिरवायचं. सगळा पत्रा खरखरीत होईपर्यंत. मोठ्या पत्र्याला कित्येक दिवस जातात, आणि अजून चित्राची एक रेघही नाही! आता शाई लावून छापलं तर नुसता काळा रंग येतो, मखमलीसारखा. मग जिथे उजेड हवा तिथे खरखर घासून गुळगुळीत करायची. जितकं घासाल तितकं उजळ. आपण पांढऱ्या कागदावर काळं काढतो, इथे काळोखातून उजेड काढायचा. हामागुचींनी यात रंग आणले. पिवळा, लाल, निळा आणि काळा असे चार पत्रे, एकावर एक छापायचे.

त्यांचं १९८८ सालचं चित्र आहे 'बावीस चेरी'. नावातच सगळं आलं. काळोख आणि त्यात लाल चेरी. बाकी टेबल नाही, ताट नाही, खिडकी नाही. मी समोर उभा राहिलो आणि पहिला विचार काय आला, तर 'एवढंच?' मग मोजायला लागलो. खरंच बावीस आहेत का बघू. इंजिनिअर माणूस, काउंट व्हेरिफाय केल्याशिवाय राहवत नाही. मोजता मोजता लक्षात आलं की प्रत्येक चेरी वेगळी आहे. आणि ती काळ्यावर ठेवलेली नाही, काळ्यातून वर येतेय. कंदील घेऊन कोणी लांबून येत असेल तर आधी उजेडाचा ठिपका दिसतो ना, तसं. मी तिथे किती वेळ होतो माहीत नाही, पण फोन खिशातच राहिला. मोबाइलवर हे चित्र शोधाल तर सुंदर दिसेल, पण तो काळा रंग दिसणार नाही. स्क्रीनचा काळा म्हणजे बंद केलेला दिवा. तिथला काळा म्हणजे कागदावर बसलेली शाई. माझ्या 'सेमच दिसतंय ना' ला पहिलं उत्तर तिथे मिळालं.

दुसरे कियोशी साइतो. परत लाकूड. जन्म १९०७, जपानच्या आइझु भागातला. तिथे प्रचंड बर्फ पडतो. पण लहानपणीच घरच्यांबरोबर गाव सुटलं आणि ते उत्तरेला होक्काइदोला गेले. तिशीत परत गाव बघायला आले आणि मग आयुष्यभर 'आइझुमधला हिवाळा' या नावाने चित्रं करत राहिले. शंभराहून जास्त आहेत ती. उतारवयात तर त्याच भागात, यानाइझुला राहायलाच गेले.

त्यातलं कुठलंही उघडा. बर्फाखाली दबलेली घरं, छपराची जाड रेघ, एखादी गुरफटलेली आकृती वाकून चाललेली. आता गंमत बघा. त्यातला बर्फ छापलेलाच नाही! बर्फ म्हणजे कोरा कागद. आजूबाजूचं सगळं छापलं आणि जे सोडून दिलं तो बर्फ. शिवाय ते लाकडाच्या रेषा लपवत नाहीत, कुठे त्याच रेषा आभाळ होतात, कुठे भिंत. ज्यांचं गाव लहानपणी सुटलंय त्यांना हे चित्र वेगळं दिसेल असं मला वाटतं. आपल्यालाही गाव असंच आठवतं. एक छप्पर, एक वाट, एक माणूस. मधलं सगळं कोरं.

आता दोघांना भरभर भेटू. शिगेकि कुरोदा हे सायकल आणि छत्र्यांचे चित्रकार. यांचं काम धातूच्या पत्र्यावरच्या एचिंगमधलं. पाऊस पडतोय, सायकलवाले छत्री धरून सुसाट चाललेत, चेहरे दिसतच नाहीत. नुसत्या छत्र्या आणि चाकं, वेगाने फिस्कटलेली. पावसात एका हाताने छत्री आणि एका हाताने हॅन्डल धरून क्लासला गेलेल्या प्रत्येकाने हे बघावं.

दुसरे कात्सुतोशी युआसा, जन्म १९७८, म्हणजे या यादीतले सगळ्यात तरुण. हे डिजिटल फोटो काढतात, बऱ्याचदा झाडीतला उजेड किंवा पाण्यावरची चकाकी. तो फोटो लाकडाच्या फळीवर उतरवतात आणि मग हाताने कोरतात. फोटो काढायला सेकंदाचा काही भाग, कोरायला आठवडेच्या आठवडे. लांबून बघितलं तर फोटो, जवळ गेलं तर पटाशीच्या हजारो खुणा. मी दिवसभर अशा गोष्टी लिहितो ज्यामुळे आठवड्याचं काम सेकंदात होतं. हा माणूस उलटं करतोय, आणि मुद्दाम करतोय. पहिल्यांदा मला ते वेडेपणाचं वाटलं. आता मला वाटतं, ज्या उजेडाकडे आपण क्षणभरही नीट बघितलं नाही, त्याच्याकडे तो महिनाभर बघत बसतो. एवढाच त्याचा हट्ट आहे.

आणि आता शेवटचे, माझे सगळ्यात आवडते. तेत्सुया नोदा, जन्म १९४०. १९६८ पासून ते एकच मालिका करतायत. नाव 'डायरी'. चित्राचं नाव म्हणजे फक्त तारीख. पाचशेहून जास्त प्रिंट झालेत. काय असतं त्यात? बायको, मुलं, घरी आलेली फळं, बाग, प्रवास. तुम्ही म्हणाल हे तर आमचं इन्स्टाग्राम. बरोबर, फक्त चाळीसेक वर्षं आधी, आणि वर्षाला जेमतेम दहा-बारा पोस्ट! यातल्या सुरुवातीच्या प्रिंटमध्ये त्यांनी दोन कुटुंबांचे ग्रुप फोटो केले. एक स्वतःचं जपानी कुटुंब आणि दुसरं दोरित या इस्रायली मुलीचं, जिच्याशी पुढे त्यांनी लग्न केलं. १९६८ च्या टोकियो आंतरराष्ट्रीय प्रिंट बिएनालेत त्यांना सर्वोच्च बक्षीस मिळालं.

त्यांची पद्धत ऐका. आधी फोटो काढायचा. फोटोवर पेन्सिलने, पांढऱ्या रंगाने काम करायचं, नको ते पुसायचं, हवं ते गडद करायचं. मग तो फोटो मिमिओग्राफच्या स्टेन्सिल करणाऱ्या मशीनमध्ये घालायचा. त्यातून स्टेन्सिल निघते. दुसरीकडे वाशी कागदावर लाकडी ठोकळ्याने हलकासा रंग आधीच छापून ठेवलेला असतो. त्यावर स्टेन्सिलमधून सिल्कस्क्रीनने चित्र उतरवायचं. म्हणजे खाली शेकडो वर्षांची पद्धत आणि वर ऑफिसातलं मशीन. आणि सही? पेन्सिलने नाव आणि शेजारी स्वतःच्या अंगठ्याचा ठसा. जगातल्या मोठमोठ्या म्युझियममध्ये चित्रं असलेला माणूस अंगठा उठवतो!

हे वाचताना मी मिमिओग्राफ या शब्दावर अडलो. गुगल केलं, मशीनचा फोटो आला आणि मी ताडकन उठलो. हे तर मी बघितलंय! हे बाबांच्या शाळेतलं सायक्लोस्टाईल.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. परीक्षा आली की रात्री जेवणं झाल्यावर ते स्टेन्सिल घेऊन बसायचे. मेणाच्या पातळ कागदावर टोकदार लेखणीने प्रश्नपत्रिका लिहायची. जिथे लेखणी फिरेल तिथे मेण निघतं आणि तिथूनच शाई कागदावर उतरते. आम्हाला त्या खोलीत जायला बंदी. वास मात्र सगळ्या घरात यायचा.

मी लगेच फोन लावला. "बाबा, तुम्ही सायक्लोस्टाईल करायचात ना, त्यात चूक झाली तर काय करायचात?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "अरे, आज काय हे मधेच? गुलाबी औषध असायचं बाटलीत. ते लावायचं, फुंकर मारायची, वाळलं की परत लिहायचं. नेलपॉलिशसारखा वास यायचा बघ. तुझी आई ओरडायची."

पुढचा अर्धा तास ते बोलत होते. शाई जास्त झाली की 'अ'चं पोट कसं भरतं, कागद दमट असेल तर कसा चिकटतो, शंभराव्या प्रतीला अक्षर कसं पुसट व्हायला लागतं. मी त्यांना नोदांबद्दल सांगितलं, जपानमधल्या एका माणसाने अशाच मशीनने डायरी छापली म्हणून. ते म्हणाले, "मग त्याला कळत असणार, पहिली प्रत आणि शेवटची प्रत कधी सारखी येत नाही."

मंडळी, साडेसहा हजार रुपये घालवून मी ज्या प्रश्नामागे लागलो होतो, त्याचं उत्तर बाबांना आधीपासून माहीत होतं.

मी विचारलं, त्यातलं काही ठेवलंय का हो? म्हणाले, "प्रश्नपत्रिका कोण ठेवतं?" पण दोन दिवसांनी आईने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. कपाटाच्या तळाशी त्यांच्या वर्गाचा एक अंक सापडला होता. मुलांच्या गोष्टी, कोडी, मुखपृष्ठावर बैलगाडी. सगळं बाबांच्या अक्षरात, सगळं स्टेन्सिलवर कोरलेलं. बैलाचं एक शिंग दुसऱ्यापेक्षा लांब आहे. तिथे गुलाबी औषध लागलं असणार.

आता बाबांचा हात थरथरतो. दोन वर्षं झाली. चेकवर सही जुळत नाही म्हणून बँक परत पाठवते आणि ते अक्षर आता फक्त त्या अंकात आहे. पुढच्या वेळी घरी गेलो तेव्हा मी तो अंक हातात घेतला, उलटा करून उजेडात धरला. मागे शाई झिरपलेली होती. मॅक्रो मोड लावायची गरज पडली नाही.

येताना बाबा म्हणाले, "घेऊन जा, तुझ्या त्या भिंतीवर लाव." मी म्हटलं, "मग सही करा खाली." म्हणाले, "सही येत नाही रे नीट." मी म्हटलं, "अंगठा चालेल." ते आधी चिडले. चाळीस वर्षं मास्तरकी केली आणि आता अंगठा उठवू का? मी फोनवर नोदांचं चित्र काढून तो ठसा मोठा करून दाखवला. बराच वेळ बघत बसले. मग आईला म्हणाले, "शाईचं पॅड कुठंय बघ."

तर भिंतीवर आता तो अंक आहे.

जाता जाता कामाच्या चार गोष्टी. एक, कोणी ओरिजिनल प्रिंट म्हणून विकत असेल तर मागच्या बाजूचा फोटो मागा आणि मॅक्रोने बघा. एकसारख्या रंगीत ठिपक्यांची जाळी किंवा फवारा दिसला तर ते छापील कॉपी समजा. दोन, आधुनिक प्रिंटवर खाली पेन्सिलने अपूर्णांकासारखा आकडा असतो, म्हणजे १७/५०. याचा अर्थ एकूण पन्नास प्रती, त्यातली ही सतरा नंबरची. पण नुसत्या आकड्यावर विश्वास नको, आकडा काय कोणीही लिहितो. तीन, बघायला पैसे लागत नाहीत. ब्रिटिश म्युझियमच्या वेबसाइटवर नोदांची चित्रं आहेत. चार, हे सगळं जपानमध्येच होतं असं नाही. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रिंटमेकिंग शिकवतात. विद्यार्थ्यांचं प्रदर्शन असेल तेव्हा जा, शाईचा वास घ्या.

आणि एक होमवर्क. घरात कोणाच्या तरी हातचं छापलेलं, कोरलेलं, लिहिलेलं काही असेलच. सायक्लोस्टाईलचा कागद, आजीचा रांगोळीचा छाप, जुनी स्क्रीन प्रिंटची लग्नपत्रिका. ते शोधा, उलटं करून बघा, आणि ज्यांनी केलंय ते असतील तर त्यांना फोन लावून विचारा, चूक झाली की काय करायचात? मला लिहून कळवा काय उत्तर मिळालं ते.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या. बाय!